मॅच बघून तुला काय मिळतं?

मैत्रिणींनो, क्रिकेटची मॅच असली की आपल्या घरी काय चालतं ते मी तुम्हांला सांगायला नको. पुरुष मंडळी आणि मुलं पुढच्या खोलीत, आणि आपण स्वयंपाकघरात. मधूनच गलका झाला की हातातला झारा तसाच धरून दारापर्यंत जायचं, ‘कोण गेलं?’ म्हणून विचारायचं आणि उत्तर यायच्या आत परत फिरायचं, कारण कढईतली भजी करपतात. लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं मीही हेच केलं. मॅच दुसऱ्यांनी बघायची आणि चहा आपण पुरवायचा, यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

आणि आता? आता हिवाळ्यात आठवड्यातून एखादे दिवशी पहाटे साडेसहाला साताऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी ओट्यापाशी खुर्ची टाकून बसलेली असते. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. दूध उतू जातं, भांडीवाली बाई दार वाजवून थकते आणि मी आपली ‘अगं, दे ना तिला, ती मोकळी आहे!’ असं फोनला ओरडून सांगत असते. कोणाला, तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका विद्यापीठाच्या मुलींना. त्या ना माझ्या नात्याच्या, ना गोत्याच्या. सासूबाई पहिल्यांदा घाबरल्याच होत्या. आता त्या दूध स्वतःच उतरवतात.

हे वेड कसं लागलं ते सांगते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ह्यांना आयोवा सिटीत दोन वर्षांचं काम मिळालं. मी साताऱ्याच्या शाळेतली अर्धवेळ नोकरी सोडली आणि सहा वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन ह्यांच्याबरोबर गेले. अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. आयोवात मका येतो. मैलोगणती मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका. गाव पाऊण लाख वस्तीचं, मधून नदी, आणि सगळं गाव विद्यापीठाभोवती गुंफलेलं. व्हिसाच्या नियमामुळे मला तिथे नोकरी करता येत नव्हती. हे आठला बाहेर पडत, मुलगा शाळेच्या बसने जाई, आणि मग घरात मी आणि कपडे धुण्याचं मशीन. ऑक्टोबर संपता संपता दिवस असा आखडला की पाच वाजता दिवे लावावे लागत. खरं सांगू? त्या दोन महिन्यांत मी माझ्या मुलाशी आणि ह्यांच्याशी सोडून कोणाशीही दहा वाक्यं सलग बोलले नव्हते.

शेजारच्या घरात ऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहत. यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. तिकडे ऐंशी वर्षांच्या बाईलाही नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून काही ते निघेना, म्हणून मी त्यांना ‘आजी’ म्हणू लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द फार आवडला. नोव्हेंबरात एक दिवस त्या दारात उभ्या. म्हणाल्या, “माझ्याकडे मुलींच्या बास्केटबॉलची दोन खुर्च्यांची सीझन तिकिटं आहेत. दुसरी खुर्ची ह्यांची होती. दोन वर्षं मी तिच्यावर कोट ठेवते. तू येतेस का?”

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ‘कोट ठेवते’ म्हणाल्यावर नाही कसं म्हणणार?

ज्या इमारतीत खेळ होतो ती कार्व्हर-हॉकआय अरीना १९८३ साली उघडली. ती टेकडीच्या पोटात खणून बांधली आहे. म्हणजे तुम्ही दारातून आत शिरता ते थेट वरच्या मजल्यावर, आणि मग पायऱ्या उतरत उतरत खाली मैदानाकडे जायचं. सुमारे पंधरा हजार माणसं मावतात. पर्स नेता येत नाही, आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवीच लागते. ती आजींनी मला आणून दिली होती. आत शिरले आणि थबकलेच. मुलींचा खेळ बघायला एवढी माणसं! त्यांत शेतावरून आलेले टोपीवाले आजोबा होते, कडेवर पोर घेतलेल्या आया होत्या, आणि सगळ्यांत जास्त होत्या त्या पांढऱ्या केसांच्या आज्या, काळे-पिवळे अंगरखे घालून, आपल्या नातीचं लग्न असल्यासारख्या सजून आलेल्या.

खेळ तसा सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच मुली. दहा फूट उंचीवर लोखंडी कडं, त्यात चेंडू टाकायचा. जवळून टाकला तर दोन गुण, आखलेल्या कमानीच्या बाहेरून टाकला तर तीन. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. पहिल्या दिवशी मला एवढंच कळलं. आणि एक गोष्ट कळली. बावीस नंबरची एक मुलगी होती, केसांची शेपटी बांधलेली, अंगाने काही फार दांडगी नव्हे. ती जवळजवळ मैदानाच्या मध्यावरून चेंडू भिरकावी आणि तो कड्यात पडे. एवढ्या लांबून टाकायला तिला भीती कशी वाटत नाही, हेच मला समजेना. ती केटलिन क्लार्क. त्याच राज्यातली, डी मॉइनची, आणि त्या वर्षी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती.

मी तिच्याकडे बघत होते, आणि आजी? आजींचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. त्या चोवीस नंबरच्या गॅबी मार्शलकडे बघत होत्या. “ती बघ, ती समोरच्या मुलीला वळूच देत नाही,” असं चाललेलं. मी म्हटलं, “पण तिने तर अजून एकही गोल केला नाही.” त्यावर आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मी चार वर्षं खेळले. कड्यात एकदाही चेंडू टाकला नाही. टाकायची परवानगीच नव्हती.”

ही काय भानगड, ते त्यांनी मला परतताना गाडीत सांगितलं. आणि मैत्रिणींनो, ते ऐकल्यापासून मी ह्या खेळाकडे निराळ्याच नजरेने बघू लागले.

बास्केटबॉल निघाला १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी. लगेच पुढच्या वर्षी जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. पण मुलींनी पळापळ केली तर त्या दमतील, धसमुसळ्या होतील, अशी त्या काळची समजूत. तेव्हा त्या बाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि जिने तिने आपापल्या भागातच राहायचं असा नियम केला. १८९३ साली तिथे पहिला सामना झाला तेव्हा पुरुषांना बघायला मज्जाव होता! पुढे देशभर नियम बदलत गेले, पण आयोवात मुलींचा म्हणून एक वेगळाच खेळ रुजला. सहा-सहा मुलींचा. मैदानाच्या मधोमध रेघ. रेघेच्या अलीकडे तुमच्या तीन ‘फॉरवर्ड’, पलीकडे तुमच्या तीन ‘गार्ड’. फॉरवर्डनी गोल करायचे आणि गार्डनी समोरच्यांना गोल करू द्यायचे नाहीत. चेंडू दोनदाच जमिनीवर आपटायचा. आणि मधली रेघ कोणीही ओलांडायची नाही. गार्डने चेंडू हिसकावला की रेघेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या मैत्रिणीकडे फेकायचा. मग कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि ती काय करते ते बघायचं.

आजी गार्ड होत्या. १९५६ ते १९६०. त्यांच्या शाळेचा वर्ग एकोणीस मुलामुलींचा. पण तुम्हांला वाटेल, मुलींचा खेळ म्हणजे कोण बघतंय! उलट. आयोवात मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून भरत आली होती. त्याच दशकात मुलांच्या संघटनेने मुलींच्या स्पर्धा बंद करायचा घाट घातला, तेव्हा खेड्यांतल्या शाळांच्या प्रमुखांनी चक्क वेगळी चूल मांडून मुलींची स्वतंत्र संघटना काढली. आजींच्या वेळी डी मॉइनला अंतिम सामने असले की गावातली दुकानं बंद होत, गायींच्या धारा लवकर काढत आणि सगळं गाव गाड्यांतून निघे. १९६८ चा अंतिम सामना तर तिकडे अजून सांगतात. ११३ विरुद्ध १०७. जिंकलेल्या बाजूच्या डेनिस लाँगने एकटीने ६४ गुण केले, आणि हरलेल्या बाजूच्या जीनेट ओल्सनने ७६!

आणि शाळा संपली की? संपलं. ज्या मुलींच्या नावाने गाव दुमदुमलं, त्यांना पुढे खेळायला बहुतेक कॉलेजांत संघच नव्हता. आजी शाळा सुटल्यावर एक वर्ष बँकेत होत्या, मग लग्न, मग शेत, मग चार मुलं. १९७२ साली तिकडे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही. त्यानंतर १९७४ मध्ये आयोवा विद्यापीठात मुलींचा संघ निघाला. त्याच साली टेनेसी विद्यापीठात पॅट समिट नावाची बावीस वर्षांची मुलगी मुलींच्या संघाची प्रशिक्षक झाली. महिना अडीचशे डॉलर पगारात ती गाडी चालवायची आणि मुलींचे गणवेशही स्वतःच धुवायची. पुढे तिने १,०९८ सामने जिंकले. गणवेश धुतल्याची हकिगत आजी मला दर वेळी सांगत, जसं काही सामने जिंकल्याहून तेच मोठं. सहा मुलींचा तो जुना खेळ मात्र १९९३ पर्यंत आयोवात टिकून होता.

नवव्या इयत्तेपर्यंत मी खो-खो खेळत होते हे मी आजींना सांगितलं. बंद का केलंस, असं त्यांनी विचारलं. मला आठवेनाच! कोणी रागावलं नव्हतं, कोणी बंदी घातली नव्हती. दहावीचं वर्ष आलं, आणि ते आपलं मागे पडलं ते पडलंच.

तर असं करत मी दर सामन्याला जाऊ लागले. वहीत कागद चिकटवून मुलींची नावं आणि नंबर लिहिले. वीस नंबर केट मार्टिन, सगळ्यांत समजूतदार, चेंडू सुटला की जमिनीवर झेप घेणारी. मोनिका झिनानो उंच, कड्याखाली उभी राहून न चुकता गोल करणारी. क्लार्क रागावली की दोन्ही हात पसरून पंचाकडे बघायची, तेव्हा आजी आणि मी दोघी तिला दटावायचो. खाणं-पिणं आणि गाडीत पेट्रोल भरायचे माझ्या वाटणीचे पैसे मी घरखर्चाच्या हिशेबात ‘इतर’ या सदरात घालत असे. तुम्हीही घालत असालच काही ना काही त्या सदरात.

‘इतर’वरून भांडण झालं नाही. भांडण झालं ते २६ फेब्रुवारी २०२३ च्या रविवारी. दुपारी इंडियानाशी सामना, मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा, आणि इंडियाना त्या वेळी देशात दुसऱ्या क्रमांकावर. नेमकं त्याच संध्याकाळी ह्यांनी चार मराठी कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. मला विचारून? छे! शुक्रवारी रात्री सांगितलं. ‘तू घरीच तर असतेस’ हे वाक्य बोलले नाहीत, पण ते खोलीत होतं. बेत ठरला होता श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर. मी शनिवारी चक्का टांगला. रविवारी सकाळी बटाटे उकडले. आणि साडेअकराला कोट चढवून आजींच्या गाडीत जाऊन बसले.

तो सामना तुम्हांला कसा सांगू? शेवटची दीड सेकंद उरली तेव्हा आयोवाचे ८३ आणि इंडियानाचे ८५ होते. दीड सेकंदात आपला तर पदरही सावरून होत नाही. बाजूच्या रेघेवरून चेंडू आत आला, क्लार्कने तो धावता धावता घेतला, एका पायावर तिरपी झाली आणि तोल जाता जाता कमानीबाहेरून भिरकावला. चेंडू हवेत असतानाच भोंगा वाजला. आणि पडला! ८६-८५. पंधरा हजार माणसं एकदम उठली. आजी माझ्या गळ्यात आणि मी आजींच्या. मागच्या रांगेतल्या एका अनोळखी शेतकऱ्याने आम्हां दोघींना मिठीत घेतलं ते मला घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही.

घरी आले साडेचारला. गाड्यांच्या गर्दीत तास गेला होता. सहाला पाहुणे. पुऱ्या व्हायच्या नाहीत हे दिसतच होतं. मी मुगाची खिचडी टाकली, पापड भाजले, बटाट्याची भाजी फोडणीला दिली आणि श्रीखंड वाटीत वाढलं. पाहुण्या बायकांनी खिचडी दोनदा मागून घेतली, पण ह्यांचा चेहरा उतरलेला. सगळे गेल्यावर, भांडी पुसता पुसता हे अगदी शांतपणे म्हणाले, “एक विचारू? मॅच बघून तुला काय मिळतं?”

ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ह्या प्रश्नाला मला उत्तरच सुचेना. मुलाचा अभ्यास घेतला तर त्याला मार्क मिळतात. लोणचं घातलं तर वर्षभर पुरतं. स्वेटर विणला तर कोणी तरी घालतं. मॅच बघून हातात काहीच येत नाही, घरात काही भर पडत नाही. मी गप्प बसले, आणि दोन दिवस आम्ही मीठ-साखरेपुरतंच बोललो. पण रात्री पडल्या पडल्या मनात येत राहिलं, की क्रिकेट बघून तुम्हांला काय मिळतं हे मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. आणि हेही आलं, की त्या दोन तासांत मी कोणाची आई नसते, कोणाची बायको नसते, मला कोणी ‘अगं’ म्हणून हाक मारत नाही. हे उत्तर काही भांडी पुसताना देण्यासारखं नव्हतं.

त्या वसंतात आयोवाच्या मुली पार अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. ३१ मार्चला डॅलसमध्ये, तोवर एकही सामना न हरलेल्या साऊथ कॅरोलायनाला त्यांनी ७७-७३ असं हरवलं. क्लार्कचे एकटीचे ४१ गुण. दोन दिवसांनी लुइझियाना स्टेटकडून १०२-८५ अशा हरल्या. जिंकलेल्या बाजूच्या एंजल रीसने शेवटी क्लार्कला हाताने खुणा करून खिजवलं, त्यावरून पेपरांत केवढा गदारोळ झाला! तशीच खूण क्लार्कने आधीच्या एका सामन्यात केली होती, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं. क्लार्क स्वतः म्हणाली, तिला बोल लावू नका. मला ते पटलं. मुलगा जिंकून मिरवला तर रुबाब, आणि मुलगी मिरवली की लगेच तिचे संस्कार काढायचे, त्यातही गोरी मिरवली तर एक न्याय आणि काळी मिरवली तर दुसरा.

सामना संपल्यावर आम्ही आजींच्या अंगणात येऊन उभ्या राहिलो. बर्फ वितळून गेलं होतं. पलीकडच्या घराच्या गॅरेजवर पोरांसाठी कडं ठोकलेलं असतं, तसं होतं, आणि गवतात एक चेंडू पडला होता. मी सहज म्हटलं, “आजी, आता तर नियम नाही ना? टाका बघू.” त्या एवढ्या मोठ्याने हसल्या! म्हणाल्या, “साठ वर्षांत मला कोणी हे सांगितलं नाही.” कोटाची बटणं सोडली, दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू फेकला. तो निम्म्यातच पडला. दुसरा गॅरेजच्या पत्र्यावर असा आदळला की आतलं कुत्रं भुंकायला लागलं. तिसऱ्याला खांदा धरला. मग त्यांनी चेंडू माझ्याकडे फेकला, अचूक, माझ्या दोन्ही तळव्यांत. “तू टाक. मी पास देते, मला तेच येतं.” मी अकरा वेळा टाकला आणि अकराही वेळा चुकले. चिरंजीव मोजत होते.

पुढच्या वर्षी तर कहरच झाला. २०२३-२४ ची सगळी सीझन तिकिटं मोसमाच्या आधीच संपली. असं आयोवात पहिल्यांदाच घडलं. आजींची जुनी तिकिटं म्हणून आमच्या खुर्च्या शाबूत. १५ ऑक्टोबरला तर सामना फुटबॉलच्या उघड्या मैदानात, किनिक स्टेडियममध्ये ठेवला. बोचरा वारा, हात गारठलेले आणि माणसं किती? ५५,६४६! मुलींचा बास्केटबॉल बघायला इतकी माणसं कधी जमली नव्हती. त्या मैदानाला लागूनच मुलांचं मोठं इस्पितळ आहे. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत आजारी मुलं येऊन उभी राहतात, आणि पहिला डाव संपला की सगळं मैदान वळून त्यांना हात करतं, अशी तिथली रीत आहे. माझ्या शेजारी हे उभे होते. हो, हे! आपणहून तिकीट काढून आले होते. ह्यांनीही हात केला, आणि मग बराच वेळ उपरणं नाकाला लावून थंडी लागल्याचं सांगत राहिले. (उपरणं म्हणजे माझाच मफलर. हे लिहिलेलं ह्यांना आवडणार नाही.)

१५ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनशी खेळताना क्लार्कने मुलींच्या एनसीएए बास्केटबॉलमधला सगळ्यांत जास्त गुणांचा विक्रम मोडला. तिला आठ गुण हवे होते, ते तिने अडीच मिनिटांच्या आतच केले, आणि शेवटचे तीन इतक्या लांबून की मधली रेघ तिच्या पाठीमागे हाकेच्या अंतरावर. आजी त्या रेघेकडेच बघत होत्या. चेंडू पडल्यावर सगळे उठले, त्या बसूनच होत्या. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाल्या, “गुडघे.” मी काही बोलले नाही.

एप्रिलमध्ये उपांत्य सामन्यात कनेक्टिकटवर ७१-६९ असा विजय मिळाला, त्याचं श्रेय तुम्ही पेपरांत वाचलंत तर क्लार्कला दिलेलं असेल. आजींना विचाराल तर त्या सांगतील, शेवटच्या चार सेकंदांत गॅबी मार्शलने समोरच्या बाजूचा फाउल काढला म्हणून जिंकलो. तो फाउल द्यायला हवा होता की नव्हता यावर तिकडे अजून वाद आहे. आमच्या घरी नाही. अंतिम सामन्यात साऊथ कॅरोलायनाने आम्हांला ८७-७५ असं हरवलं. त्या वर्षी त्या ३८ सामने खेळल्या आणि अडतीसही जिंकल्या, तेव्हा हरायची लाज नाही. त्यांच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी बक्षीस घेतानाच क्लार्कचे आभार मानले. तो सामना अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्याच वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना दीड कोटींच्या आत राहिला.

पण मला विचाराल तर त्या वर्षातली सर्वांत गोड गोष्ट पुढच्या आठवड्यातली. व्यावसायिक संघांसाठी मुलींची निवड न्यूयॉर्कमध्ये होती. क्लार्क पहिलीच निवडली जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. केट मार्टिनला आमंत्रण नव्हतं. ती आपली मैत्रिणीचं कौतुक बघायला म्हणून प्रेक्षकांत बसली होती. आणि अठराव्या नंबरला तिचंच नाव पुकारलं! प्रेक्षकांतून उठून ती व्यासपीठाकडे गेली तेव्हा मी आणि आजी फोनवर दोन्ही टोकांनी रडत होतो. घरं शेजारशेजारी, पण जाईपर्यंत कोणाला धीर?

जूनमध्ये आम्ही परतलो. चोवीस वर्षं प्रशिक्षक असलेल्या लिसा ब्लूडरही मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी जॅन जेन्सन आल्या. ह्या जेन्सनबाई शाळेत असताना १९८७ साली त्याच सहा मुलींच्या खेळात सामन्याला सरासरी ६६ गुण करत. फॉरवर्ड होत्या, असं आजी जरा नाक मुरडून सांगतात. निघताना आजींनी मला यजमानांच्या खुर्चीवरची काळी-पिवळी बसायची गादी दिली. ती आता माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आहे. चिरंजीव बावीस नंबरचा सदरा घालून शाळेच्या सहलीला गेले, तेव्हा वर्गातल्या पोरांनी विचारलं, ‘हा कोणता खेळाडू?’ ‘एक मुलगी आहे,’ असं सांगून त्याने वर, ‘तुम्हांला माहीत नाही?’ म्हणून त्यांनाच वेड्यात काढलं.

२ फेब्रुवारी २०२५ ला आयोवाने क्लार्कचा बावीस नंबर कायमचा तिच्या नावे राखून ठेवला. आता तो दुसरी कोणी घालणार नाही. त्या दिवशीच्या सामन्याला इथे मध्यरात्र होती. सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बसले होते. थोड्या वेळाने हे डोळे चोळत आले, काही न बोलता गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, “किती झाले?” आयोवा ७६-६९ जिंकली तेव्हा कपबशा तशाच ओट्यावर होत्या.

सकाळी आजींचा फोन आला. चोवीस नंबरनंतर आता चांगली गार्ड कुठली, खांद्याचं दुखणं, थंडी, सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, माझ्या खुर्चीवर पुन्हा कोट का? “नाही,” म्हणाल्या. “पलीकडच्या गल्लीत कोरियातून एक जोडपं आलंय. बायको दिवसभर घरी एकटीच असते. ती येते. तिला अजून काही म्हणजे काही कळत नाही. काल चुकीच्या बाजूने टाळ्या वाजवल्या.”

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर हेवाच वाटला. मग म्हटलं, “आजी, तिला आधी गार्ड दाखवा.”

“दाखवलीय,” आजी म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी.”